गुरुवारी मरणारा सिलिंडर

१

फिटरबाईंनी डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली वायर उपटली, खोबणीत चिमटा घातला आणि आतून जे निघालं ते पाहून त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

काळ्या रबराची एक चकती होती. शर्टाच्या बटणापेक्षा लहान आणि कडेने नीट कापलेली. वायरचं टोक जिथे पितळेला टेकायला हवं, नेमकी तिथेच कुणीतरी ती दाबून बसवली होती.

"सापडलं का काही?" वस्तादांच्या लेकीने विचारलं. ती दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवर जाता जाता वडिलांची निळी गाडी गचके खात गॅरेजात घेऊन आली होती.

"सापडलं. पण बरं नाही सापडलं."

निळी गाडी जुनी होती. चार सिलिंडर, साधा कार्बोरेटर, कॉम्प्युटर वगैरे थेरं नाहीत. चार सिलिंडरांनी पाळीपाळीने जोर लावायचा आणि गाडी ओढायची. त्यातल्या एकाला ठिणगी मिळाली नाही, की उरलेले तिघे ओढतात आणि गाडी लंगडते. गॅरेजच्या भाषेत मिस मारते. मेलेला सिलिंडर शोधायची रीत फिटरबाई डोळे मिटूनही पार पाडतील अशी. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेक वायर काढून बघायची. जिवंत सिलिंडरची काढली तर इंजिन आणखी अडखळतं. मेलेल्याची काढली तर त्याला काही फरकच पडत नाही.

आज दुसरा मेला होता. प्लग बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली, तरी दुसरा मेलेलाच. तेव्हा त्यांनी चारही सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या त्या कॅपच्या खोबणीत डोकावलं.

"मागच्या वेळी तिसरा होता," फिटरबाई चकती तळहातावर फिरवत म्हणाल्या. "प्लगचं टोक वाकून चिकटलं होतं. मला वाटलं, दुकानातच पडला असेल. त्याआधी पहिला. वायर वर सरकली होती. म्हटलं, हादऱ्याने सरकली. पण इंजिनातला बिघाड एकदा बसला की बसल्या जागी वाढत जातो. असा घरं बदलत फिरत नाही. आणि रबर काही आपोआप उगवत नाही."

लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे मुद्दाम केलंय कुणीतरी?"

"मुद्दाम."

"आई म्हणतच होती." ती गाडीला टेकली. "आज गुरुवार ना? आईला दर गुरुवारी घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं असतं, हाताच्या व्यायामाला. बाकी दिवस गाडी ठणठणीत. गुरुवार आला की हिचं रडगाणं सुरू. मग टॅक्सी बोलवा, आईची बडबड ऐका." ती चकतीकडे बघत राहिली. "घड्याळांतसुद्धा असलं रबर असतं ना, फिटरबाई?"

"असतं. का?"

"आमचे काका घड्याळं दुरुस्त करतात. वरच्या खोलीत राहतात. आईने आज सकाळीच त्यांना सांगितलं, खोली रिकामी करा म्हणून."

२

फिटरबाई दुपारी स्वतः गाडी पोचवायला निघाल्या. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवली आणि खाली उतरून तिच्याभोवती फेरी मारली. पुढच्या डाव्या मडगार्डावर कुणीतरी ब्रशने रंग लावला होता. निळाच, पण मूळ रंगापेक्षा जरा गडद. डाव्या टायरची बाहेरची बाजू घासून खरबरीत झाली होती. गाडीची उजवी बाजू मात्र नवी असल्यासारखी होती.

वस्तादांच्या घराला लहानसं अंगण होतं. एका कडेला पत्र्याची शेड, दुसऱ्या कडेला वरच्या खोलीत जाणारा बाहेरचा जिना. वस्ताद म्हणजे बसड्रायव्हर. डेपोतली पोरं त्यांना वस्ताद म्हणत, ते नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. आयुष्यभर त्यांनी त्याच घाटातून बस वर-खाली केली आणि एका माणसाला कधी ओरखडा येऊ दिला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. सांगायचं काम त्यांच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे होतं.

टॅक्सीने हॉस्पिटलातून परतलेल्या वहिनी ओट्यावर बसून उजव्या हातात स्पंजचा चेंडू दाबत होत्या. आजाराने तो हात लुळा पडला होता. आता कुठे बोटं वळायला लागली होती. जिभेला मात्र आजार शिवलाही नव्हता.

"पुरावा मिळाला ना? आता तरी पटलं यांना?" त्यांनी चेंडू नवऱ्याकडे रोखला. "भाऊजींचं दुकान बंद झालं. शेड मागत होते, घड्याळांचं टेबल टाकायला. मी म्हटलं, गाडी कुठे ठेवू, डोक्यावर? तेव्हापासून गाडीला दृष्ट लागली."

"तोंडाने तसं काही म्हणाले का ते?"

"ते कशाला म्हणतील? आतल्या गाठीचा माणूस. मी एवढी बोलले, तर एका शब्दाने उत्तर नाही. गुन्हेगार असल्याशिवाय कुणी इतकं ऐकून घेतं का?"

फिटरबाईंना ते वाक्य खटकलं. का खटकलं ते मात्र लगेच कळेना.

ड्यूटी आटोपून आलेल्या लेकीने चहा आणला. एक कप फिटरबाईंच्या हातात दिला, एक वस्तादांच्या डाव्या हाताच्या स्टुलावर ठेवला.

"गाडी विकून टाका म्हणून मी कधीची सांगतेय," ती म्हणाली. "तुम्ही तरी समजवा, फिटरबाई. बाबांचं वय झालं, गाडीचंही झालं."

"वय तुझ्या सासऱ्याचं झालंय," वहिनी म्हणाल्या. "टॅक्सीवाला वळणावर असा वळतो की माझी हाडं वाजतात. यांच्या गाडीत मी झोप काढते."

फिटरबाईंनी चकती वस्तादांपुढे धरली. "कॅपमध्ये होती. दुसऱ्याच्या खोबणीत."

वस्तादांनी ती पाहिली. "जुनी गाडी आहे," ते म्हणाले. "व्हायचंच."

"वस्ताद, रबर आहे हे. कुणीतरी ठेवलंय."

"असेल. काढलंत ना? झालं तर." मग म्हणाले, "माझा चहा राहिला का गं?"

"तुमच्या बाजूलाच ठेवलाय की मघापासून!" वहिनी म्हणाल्या. "लक्ष कुठे असतं?"

वस्तादांनी मान पूर्ण वळवली, कप शोधला आणि उचलला. फिटरबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. याच माणसाने एकदा एक नट ढिला राहिला म्हणून सगळं गॅरेज डोक्यावर घेतलं होतं. आज त्याच्या इंजिनात कुणी हात घातला होता, आणि कोणी घातला हे विचारावं असंही त्याला वाटत नव्हतं.

त्यांनी चहा संपवला आणि जिन्याकडे वळल्या.

३

घड्याळकाका घड्याळं खोक्यात भरत होते. प्रत्येक घड्याळ मऊ कापडात गुंडाळायचं, मग ठेवायचं. खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. टेबलावर भिंग, सुईसारखे स्क्रू-ड्रायव्हर आणि रबराच्या बारीक वळ्यांची डबी. फिटरबाईंनी चकती त्या डबीशेजारी ठेवली.

"हे तुमचं?"

त्यांनी भिंग न लावताच सांगितलं, "सायकलची ट्यूब आहे ही. इतकं जाड रबर घड्याळात घातलं तर झाकणच बसायचं नाही."

"मग तसं खाली सांगा ना."

"सांगून काय होणार? ट्यूबचा तुकडा काय, मीही आणू शकतो."

"तुम्ही केलंत?"

काकांनी एक घड्याळ कापडात गुंडाळलं. "केलं असं मी म्हणत नाही. नाही केलं असंही म्हणत नाही."

"काका, खाली चला जरा. मला एक गोष्ट बघायचीय."

शेडमध्ये फिटरबाईंनी त्यांना बॉनेट उघडायला सांगितलं. काकांनी आतली खिटी ओढली, पुढे येऊन बॉनेट वर उचलायला गेले. ते हललं नाही. पुन्हा ओढली, पुन्हा नाही. त्या बॉनेटची एक खोड होती. खिटी ओढताना दुसऱ्या हाताने काचेजवळ थोपटावं लागे, तरच ते सुटे. फिटरबाईंना ठाऊक होतं, वस्तादांना होतं, लेकीला होतं. भावाला मात्र नव्हतं. एरवी ढोंग ओळखणं कठीण, पण एखादी गोष्ट न जमणाऱ्याचा वैताग खोटा आणता येत नाही. काकांनी तर चिडून गाडीच्या नाकावर चापट मारली.

"राहू द्या," फिटरबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही."

काकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांचा चेहरा उलट घाबरल्यासारखा झाला.

"फिटरबाई, एक ऐका माझं. इथेच सोडून द्या. मी जातोय ना, जाऊ द्या. गाडी विकायला सांगा आणि मिटवा."

"वहिनींच्या बोलण्याला उत्तर का देत नाही तुम्ही?"

काकांची नजर वर, स्वतःच्या खिडकीकडे गेली. फिटरबाईंनी शेडच्या दारातून वर पाहिलं. टेबलाजवळची खिडकी थेट या दारावर उघडत होती. काका पहाटे उठून त्या खिडकीशी कामाला बसतात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"तुम्ही बघितलंय," त्या हळूच म्हणाल्या. "कोण येतं ते तुम्ही बघितलंय."

काका पाठ फिरवून जिना चढून गेले. थोड्या वेळाने वरची खिडकी आतून बंद झाल्याचा आवाज आला.

४

दुसऱ्या दिवशी गॅरेजात एका ट्रकखाली पडल्यापडल्या फिटरबाईंनी सगळं पुन्हा एकदा उलगडून पाहिलं.

टॅक्सीवाल्याने अंगणात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो रस्त्यावरूनच हॉर्न वाजवायचा. वहिनींना एका हाताने प्लग काढता येणं शक्य नव्हतं. लेकीला गाडी विकायची होती आणि बॉनेटही उघडता येत होतं. पण ती सासरी राहायची आणि गुरुवारी सकाळी गाडी मिस मारतेय असा फोन गेल्यावरच यायची. शिवाय तिला गाडी बदनामच करायची असती, तर सोमवार काय आणि गुरुवार काय. उलट बाजाराच्या दिवशी चार लोकांसमोर बंद पाडली असती.

मग ज्याने केलं त्याला नक्की काय हवं होतं?

फिटरबाई ट्रकखालून बाहेर सरकल्या, हात पुसले आणि वस्तादांना फोन लावला. "या जरा. तुमच्या इंजिनाबद्दल बोलायचंय. एकटेच या."

वस्ताद चालत आले. गॅरेजच्या दारात डाव्या हाताला एक रिकामा ड्रम उभा होता. चांगला कमरेइतका उंच आणि पिवळा धमक. वस्ताद त्याच्यावर आदळले.

फिटरबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः समोर, त्यांना नीट दिसेल अशा, टायरवर बसल्या.

"वस्ताद, मी बोलते. चुकलं तर थांबवा." त्यांनी आवाज खाली आणला. "गाडी तीनदा बिघडली, पण रस्त्यात एकदाही नाही. दर वेळी अंगणातच, निघायच्या आधी. वैऱ्याने केलं असतं तर तुम्हाला घाटात अडकवलं असतं. याला तुम्हाला अडकवायचं नव्हतं. याला तुम्ही निघूच नये असं वाटत होतं. आणि तेही फक्त घाटाच्या दिवशी."

वस्ताद जमिनीकडे बघत होते.

"दुसरं. त्याने काहीच तोडलं नाही. तिसऱ्याचा प्लग काढताना आधी भोवतीची धूळ पुसून घेतली होती, कचरा आत पडू नये म्हणून. तेवढाच भाग स्वच्छ होता. तेव्हा मला वाटलं, माझ्याच हाताने पुसला गेला असेल. इंजिनाची एवढी काळजी घेणारा वैरी मी तरी पाहिला नाही. तिसरं, तुम्ही नुसत्या आवाजावरून बसचा बिघाड सांगायचात. आणि घरच्या गाडीसाठी तीनदा लेकीला माझ्याकडे पाठवलंत, स्वतः बॉनेट उघडून बघितलंही नाहीत. काल चकती दाखवली तर कोणी ठेवली ते विचारलं नाहीत. ज्याला उत्तर माहीत असतं तो कशाला विचारेल?"

"बास," वस्ताद म्हणाले.

"कारणही सांगू? डावं मडगार्ड घासलंय, टायर घासलाय. चहाचा कप डावीकडे होता. हा ड्रमही."

वस्तादांनी डोळ्यांवर हात ठेवला. बोलले तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता.

"घाटातल्या वळणावर एक बाई होती. सायकलवर, मागे मूल बसलेलं. मला दिसलीच नाही, फिटरबाई. आरशात दिसली, ती गवतात पडलेली. मी पुढे गाडी लावून पळत मागे गेलो. दोघंही उठून उभी होती. मूल हसत होतं. तिला वाटलं, तिचाच तोल गेला. मलाच म्हणते, काका, कशाला थांबलात?" त्यांनी श्वास घेतला. "ही शेजारी झोपली होती. तिला कळलंही नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"काय सांगू? तिचा हात गेलेला. त्यात मी म्हणायचं, माझा डोळाही चाललाय? घरात माझ्याच एकट्याच्या जिवावर ती उभी राहतेय. म्हटलं, गाडीच चालत नाही असं झालं तर कुणालाच काही सांगावं लागणार नाही."

"आणि भाऊ?"

वस्तादांनी मान आणखी खाली घातली. "ती पहिल्यांदा त्याच्यावर घसरली तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा गप्प बसलो. मग पुढच्या वेळी बोलायला तोंडच राहिलं नाही."

"वस्ताद, त्याने तुम्हाला पाहिलंय. खिडकीतून. सगळं माहीत असून तो सामान बांधतोय."

वस्ताद खुर्चीतून उठले. एकदा धडपडले, पण आधारासाठी पुढे केलेला फिटरबाईंचा हात त्यांनी घेतला नाही. तडक घराच्या वाटेला लागले.

५

फिटरबाई मागोमाग गेल्या. वस्ताद जिना चढलेच नाहीत. अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांनी भावाला लहानपणीच्या नावाने हाक मारली. ती हाक घरात कुणी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. काका खाली आले, हातात अर्धवट गुंडाळलेलं घड्याळ तसंच. वहिनी ओट्यावरून उठल्या.

वस्तादांनी सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. डोळ्याचं, सायकलवाल्या बाईचं, रबराचं. कुठे अडखळले नाहीत. फक्त शेवटी भावाकडे वळून "तुला चोर होऊ दिलं मी" म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

"मला कुठे माहीत होतं का केलंस ते?" काका म्हणाले. "पहाटे बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला दिसलास. म्हटलं, स्वतःच्या गाडीचं स्वतः वाकडं करणारा माणूस काहीतरी मोठ्या पेचात असणार. सांगेल तेव्हा सांगेल. मी बोललो असतो तर वहिनींनी माझं ऐकलं असतं का? वर तूच खोटा पडला असतास."

"पण घर सोडून चालला होतास!"

"मग काय करू? तुझ्या बायकोच्या तोंडापुढे कोण टिकणार?"

वहिनी काकांजवळ गेल्या आणि त्यांच्या हातातलं घड्याळ डाव्या हाताने काढून घेतलं.

"सामान सोडा ते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी फार बोलले." नवऱ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. स्वयंपाकघरात गेल्या, आणि भांडी नको तितकी वाजली. वस्तादांशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते एवढंच: "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. मुकाट्याने चला."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, पण आता थेंब सुरू केले तर उरलेली राहील. उजव्या डोळ्यातही नुकती सुरुवात होती. आणखी वर्षभर लपवलं असतं तर लपवायला काही उरलंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा लेकीने वडिलांचा दंड इतका घट्ट धरला की त्यांना तो सोडवून घ्यावा लागला.

शेडबद्दल पुन्हा वाद झाला, पण या वेळी वेगळा. वस्ताद म्हणाले, गाडी बाहेर झाडाखाली ठेवू, टेबल शेडमध्ये लाव. काका म्हणाले, शेडमध्ये उजेड नाही, मला माझी खिडकी बरी. शेवटी गाडी जिथे होती तिथेच राहिली.

पुढच्या गुरुवारी लेकीने सुट्टी बदलून घेतली. स्टिअरिंगवर ती बसली, शेजारी काका आणि मागे वस्ताद आणि वहिनी. वस्तादांना मागच्या सीटवर बसायची सवय नव्हती. पाय कुठे ठेवावेत तेही त्यांना कळेना. वहिनी त्यांच्या डाव्या अंगाला बसल्या, म्हणजे नेमक्या त्यांना न दिसणाऱ्या बाजूला.

गाडीचा आवाज एकसारखा होता. चौघेही सिलिंडर नीट ओढत होते. घाट सुरू झाला तसा वस्तादांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबू लागला.

"दुसरा गियर टाक," ते म्हणाले.

"टाकतेय, बाबा."

"आधी टाकायला हवा होता. दम गेला गाडीचा."

"बाबा!"

मोठं वळण आलं. डावीकडे दरी होती, कडेने गवत होतं. वस्तादांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात हवेत चाचपडला, जे हाताला लागलं ते घट्ट पकडलं आणि चढाच्या जोराने मागे ओढलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "हात आहे तो माझा. गियर नाही."

वस्तादांनी चटकन पकड सैल केली. पण हात सुटला नाही. वहिनींच्या त्याच लुळ्या हाताची बोटं, कच्ची, थरथरती, त्यांच्या बोटांवर आतून वळली होती.